मनातली श्रद्धा आणि बाहेरचा देखावा: गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धर्मगुरू नाही. बारदेशात मराठी बोलणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना धर्मशिक्षण देते. यातली बरीच कुटुंबं सावंतवाडी, बेळगाव, वसई, नगर या भागांतून नोकरीधंद्यासाठी इथे आलेली आहेत. इथली फेस्तं (चर्चचे सण), मिरवणुका, थाटाची लग्नं पाहून त्यांच्या मनात काही प्रश्न उभे राहतात. फोंडा, डिचोली, पेडण्यातले हिंदू शेजारीही काही गोष्टी मोकळेपणाने विचारतात. वर्गात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

मनात श्रद्धा असली की झालं. मग चर्च, मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), मेणबत्त्या, उपवास हे सगळं कशाला हवं?

येशूने असं कुठेही म्हटलेलं नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल बोलतो. प्रत्येक वेळी सुरुवात 'तुम्ही दान कराल तेव्हा', 'प्रार्थना कराल तेव्हा', 'उपवास कराल तेव्हा' अशीच आहे. आपण या गोष्टी करणार हे तो धरूनच चालतो. लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहून करण्याला त्याची हरकत आहे. तो स्वतः शब्बाथाला सभास्थानात जायचा, वल्हांडण सण पाळायचा.

बेथानी गावात मरिया नावाच्या एका बाईने (ही येशूची आई नव्हे) त्याच्या पायांना जटामांसीचं सुगंधी तेल लावलं. तीनशे दिनार किमतीचं तेल. मजुराची दिवसभराची मजुरी एक दिनार होती, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई तिने एका संध्याकाळी ओतली. यहूदा या शिष्याला ती उधळपट्टी वाटली, येशूने मात्र तिची बाजू घेतली. याच येशूने मंदिरात दोन तांब्याची नाणी टाकणाऱ्या विधवेला सगळ्या श्रीमंतांपेक्षा वर बसवलं. एकीने वर्षाची कमाई दिली, दुसरीने दोन दमड्या, आणि दोघींचंही बघणाऱ्यांकडे लक्ष नव्हतं. माझ्या मते या सगळ्या विषयात विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे: हे मी कोणाच्या नजरेसाठी करतेय?

'तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या' असंही येशूच सांगतो. मग गुपचूप करायचं की उघड?

दोन्ही वाक्यं एकाच प्रवचनातली आहेत, एक मत्तय ५:१६ आणि दुसरं ६:१. पहिलं शेवटपर्यंत वाचा. लोकांनी तुमची चांगली कामं पाहावीत आणि *स्वर्गातल्या पित्याचा* गौरव करावा, असं ते आहे.

वर्गात मी एक सोपा नियम सांगते. जिथे वाहवा मिळण्याची शक्यता आहे तिथे लपवून करा. जिथे लाज वाटते, लोक हसतील असं वाटतं, तिथे उघड करा. कँटीनमध्ये सहकाऱ्यांसमोर जेवणाआधी क्रुसाची खूण करायला संकोच वाटत असेल तर ती जरूर करा. फेस्ताला हजार लोकांसमोर मोठी देणगी द्यायची असेल तर पाकिटावर नाव घालू नका.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, शुभवर्तमान सांगतं की उपवास करताना तोंड धुवा, कोणाला कळू देऊ नका. आणि लगेच आमच्या कपाळाला राख लावतात. ही विसंगती नाही का?

हा प्रश्न मुलंच आधी विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्या दिवशी वाचन मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचंच असतं. त्याआधी योएल संदेष्ट्याचा उतारा: कपडे नको, हृदय फाडा.

राख 'बघा, मी उपवास करतोय' असं सांगायला नसते. 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील' हे शब्द आपल्याला ऐकवले जातात, आपण इतरांना ऐकवत नाही. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी उंच धरून नाचवलेल्या झावळ्या जाळून ही राख केलेली असते, म्हणजे आपला स्वतःचाच जयजयकार जळून कपाळाला लागलेला असतो. ती लावून घेणं बंधनकारक नाही. उपवास मात्र १८ ते ५९ वयाच्या कॅथलिकांना त्या दिवशी आणि शुभ शुक्रवारी बंधनकारक आहे, आजारी माणसं सोडून. राखेचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांपैकी किती जण उपवास पाळतात याची चौकशी आपण करू नये. आपल्यापुरता फोटो ठेवू नये, बस.

मिस्सेत माझं मन लागत नाही. नुसती हजेरी लावतो. याला ढोंगच म्हणायचं ना?

नाही. या एका गैरसमजामुळे चांगली माणसं चर्च सोडताना मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खरेपणा म्हणजे उमाळा, डोळ्यांत पाणी, अंगावर काटा, असं आपण धरून चालतो. तसं असेल तर येशूची क्रुसावरची प्रार्थनाही खरी ठरणार नाही. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' हा २२व्या स्तोत्राचा आरंभ आहे, आणि त्यात उमाळा कुठेच नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्याची जाणीवच होत नव्हती. त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत राहिल्या. त्याला ढोंग म्हणायची हिंमत कोणाची आहे?

येशूने दोन मुलांची गोष्ट सांगितली आहे (मत्तय २१). एक म्हणाला, 'जात नाही मळ्यात', आणि नंतर गेला. दुसरा म्हणाला, 'जातो बाबा', आणि गेला नाही. बापाची इच्छा पहिल्याने पुरी केली, तेही मन नसताना. ढोंग सुरू होतं ते आपल्यात नसलेलं काही लोकांना दाखवायला लागल्यावर. मन लागत नसताना गुडघे टेकणं आणि देवाला 'आज मन लागत नाही' असं सांगणं ही पक्की खरी प्रार्थना आहे.

मात्र आपल्या लोकांचं मन न लागण्याचं एक साधं कारणही असतं: भाषा. गोव्यात बहुतेक ठिकाणी मिस्सा कोंकणीत होते, पुस्तकं रोमी लिपीत असतात. नगरहून आलेला माणूस सगळ्यांबरोबर उभा राहतो, बसतो, 'आमेन' म्हणतो, आणि प्रवचनातलं निम्मं त्याच्या डोक्यावरून जातं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला. श्रद्धावंतांचा सहभाग पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय असावा, असं त्यात सांगितलं आणि लोकभाषांना दार उघडलं. म्हणजे समजून घेणं हा तुमचा हक्क आहे. शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीची वाचनं मराठी बायबलमधून घरी वाचा. दहा मिनिटं लागतात. रविवारी तेच कोंकणीतून ऐकताना शब्द ओळखीचे वाटायला लागतात.

आणि ही भाषेची काळजी आजची नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला, इथल्या बोली शिकला, आणि येशूची सगळी कथा मराठीत ओवीबद्ध केली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यात रायतूर इथे छापलं गेलं. लोकांना कळावं म्हणून त्याने घेतलेले ते कष्ट पाहिले की आपण दहा मिनिटं वाचायला का कंटाळावं, असं मला मनापासून वाटतं.

मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी (मिस्सेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या संस्कारासाठी) हॉल, बँड, केटरिंग असं सगळेच करतात. आम्ही नाही केलं तर तिचा अपमान होईल का?

एका आईने मला हे विचारलं तेव्हा कर्जाचा अर्ज तिच्या पिशवीत होता. म्हणून उत्तर स्पष्ट देते: करू नका. संस्काराला हॉल लागत नाही. मुलीची तयारी लागते, आणि पांढरा फ्रॉक मोठ्या बहिणीचा असला तरी चालतो. लग्नालाही धर्मविधी म्हणून वधूवरांची मोकळी संमती, अधिकार असलेला धर्मगुरू आणि दोन साक्षीदार लागतात. नागरी नोंदणी वेगळी. बाकी सगळा पाहुणचार आहे, आणि पाहुणचार ऐपतीप्रमाणे करायचा असतो. मिस्सेच्या दक्षिणेची अडचण असेल तर संकोच न करता धर्मगुरूंना सांगा. गरिबाच्या हेतूसाठी दक्षिणा न मिळताही मिस्सा अर्पण करावी, असं चर्चचा कायदाच त्यांना आग्रहाने सांगतो.

ज्यांची ऐपत आहे त्यांनाही एक सांगावंसं वाटतं. करिंथच्या मंडळीत प्रभूचं भोजन व्हायचं तेव्हा श्रीमंत आधी येऊन खाऊनपिऊन तृप्त व्हायचे आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहायचे. पौलाने लिहिलं: तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजनच नव्हे. तुमच्या पार्टीत भांडी घासणारी बाई, मंडप बांधणारी मुलं कुठे जेवतात? ती पंगतीला बसली तर मेजवानी कितीही मोठी असू द्या, माझी तक्रार नाही.

फेस्ताचं यजमानपद, मिरवणुकीत कोण पुढे, कोणाच्या अंगावर ओपा-मुर्सा, यावरून गावात भांडणं होतात. धर्मात हे कसं चालतं?

चालत नाही, आणि तरी होतं. बाप्तिस्मा झाला तरी जात गेली नाही, हे गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाचं जुनं दुखणं आहे. पांढरा झगा आणि त्यावर लाल आखूड अंगरखा, म्हणजेच ओपा-मुर्सा, घालून चालणारी चर्चची बंधुमंडळं काही गावांत पिढ्यान्‌पिढ्या विशिष्ट जातींकडेच राहिली. आपण महाराष्ट्रातूनही तेच गाठोडं घेऊन आलो आहोत. सोयरीक जुळवताना ते उघडून बघितलं जातंच.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय हा अगदी याच विषयावर आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला येतो आणि मळक्या कपड्यांतला येतो. तुम्ही पहिल्याला मानाच्या जागी बसवता, दुसऱ्याला म्हणता तिथे उभा राहा. याकोब याला सरळ पाप म्हणतो. मिरवणूक कितीही भक्तिभावाने निघालेली असो, गावातला कोणी फक्त जन्मामुळे तिच्या कडेला उभा असेल, तर आमोसच्या पाचव्या अध्यायात देव ज्या सणांचा वीट आला म्हणतो त्यांतच तिची गणना होईल. माझे शब्द कडक आहेत. शास्त्राचे याहून कडक आहेत.

आमच्या पूर्वजांवर पोर्तुगीजांनी बळजबरी केली. बळजबरीतून आलेला धर्म खरा कसा असेल?

हा प्रश्न हिंदू मित्र विचारतात आणि हल्ली आपली तरुण मुलंही विचारतात. टाळण्यासारखा नाही.

गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं, १७७४ मध्ये बंद झालं, १७७८ मध्ये पुन्हा आलं आणि १८१२ मध्ये कायमचं संपलं. फ्रान्सिस झेवियरनेच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून त्याची मागणी केली होती. संताबद्दल प्रेम असलं तरी हे झाकू नये. १६८४ मध्ये फर्मान निघालं की लोकांनी ठरावीक मुदतीत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. १७३६ च्या हुकुमाने ख्रिस्ती घरांतल्या साध्यासाध्या रूढींवर बंदी आणली. अंगणात तुळस लावू नये, बिनमिठाचा भात शिजवू नये, इथपर्यंत. म्हणजे ख्रिस्ती आहेस हे तुझ्या अंगणातून आणि चुलीवरून सिद्ध कर. परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, येशू म्हणाला होता की तुम्ही वाटी बाहेरून घासता, आतून ती तशीच राहते. इथे त्याच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी लोकांची भांडी बाहेरून घासायला शिपाई नेमले.

चर्चने नंतर काय म्हटलं हेही सांगायला हवं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरची घोषणा केली: श्रद्धा ही मोकळ्या मनाचीच असली पाहिजे, कोणावरही सक्ती करता येत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये, सत्याच्या सेवेच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी वापरलेल्या असहिष्णु मार्गांबद्दल देवाची क्षमा मागितली.

आता तुमचा मूळ प्रश्न. ज्याने भीतीने मान तुकवली त्याच्या मनात काय होतं ते देव जाणे, त्याला खोटं ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्या नातीने पुढे मनापासून प्रार्थना केली असेल तर ती तिची स्वतःची प्रार्थना आहे. श्रद्धा जमिनीसारखी सातबाऱ्यावर चढवून मिळत नाही. प्रत्येकाला ती स्वतः स्वीकारावी लागते किंवा नाकारावी लागते. आणि ज्यांनी सक्ती सोसली त्यांचे वंशज म्हणून आपल्या घरात तरी, सुनेवर, नातवंडांवर, सक्ती नको.

झेवियरच्या शवप्रदर्शनाला लाखो लोक जातात. ती भक्ती की जत्रा?

दोन्ही, आणि एकाच रांगेत. मागचं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात झालं. ते साधारण दहा वर्षांनी होतं. दर्शनाला जावं. पण गोव्यात १५४२ साली उतरल्यावर झेवियर इस्पितळात रुग्णांजवळ राहायचा आणि हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून पोरं गोळा करायचा, हे रांगेत मुलांना सांगावं. घंटा वाजवत फिरणं म्हणजे चांगलाच गाजावाजा. तो मुलांना प्रार्थना शिकवण्यासाठी होता.

आणि परत आल्यावर एकदा सांकवाळला जावं. संत जुझे वाज यांचं ते गाव. त्यांचा जन्म १६५१ मध्ये बाणावलीला झाला. डचांनी लंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती, म्हणून १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात तिथे गेले. जाफन्यात दारोदार भीक मागायचे, गळ्यात जपमाळ घालून, कॅथलिक घर असेल तर ओळख पटावी म्हणून. तीच जपमाळ पकडलं जाण्याचं कारणही ठरू शकली असती. कँडीत हेर म्हणून कैदेत पडले. १६९७ मध्ये देवीची साथ आली तेव्हा लोकांनी टाकलेल्या रुग्णांना त्यांनी उचलून आणलं, धुतलं, पुरलं. १७११ मध्ये ते वारले, आणि २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संतपद जाहीर झालं, तीनशे वर्षांनी. बाहेरची खूण म्हणजे काय असावी, हे मला त्यांच्या गळ्यातल्या माळेवरून जितकं समजलं तितकं कुठल्या पुस्तकातून समजलं नाही. आज गाडीच्या आरशाला जपमाळ टांगायला काहीच किंमत पडत नाही, म्हणूनच ती टांगताना थोडा विचार करावा.

धर्मगुरूच ढोंगी निघाला तर त्याने दिलेला संस्कार खोटा का?

नाही. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत याच प्रश्नावरून दोनातूस पंथ वेगळा झाला होता आणि संत ऑगस्टीनने त्याला उत्तर दिलं: संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो अवलंबून नाही. पण याचा अर्थ गैरवर्तन झाकावं असा नाही. पैशाचा अपहार किंवा मुलांशी गैरवागणूक असेल तर बिशपांकडे आणि पोलिसांकडे तक्रार करणं हे तुमचं कर्तव्य आहे. 'धर्माची बदनामी होईल' म्हणून गप्प बसणं हाही देखावा सांभाळणंच.

दर महिन्याला तीच पापं सांगतो. कुमसार (धर्मगुरूंसमोरची पापकबुली) नावापुरतं झालंय.

तीच पापं होणं हा दुबळेपणा आहे. ढोंग तेव्हा, जेव्हा सोडायचा विचारच नसतो. एक कसोटी आहे: भरपाई. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं. कामवालीचा पगार थकवला असेल, भावाच्या वाट्याची जमीन दाबली असेल, तर आधी ते निस्तरा. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशूने सांगितलंय (मत्तय ५:२३-२४). मनी नाही भाव आणि देवा मला पाव, असं होऊ नये.

प्रोटेस्टंट नातेवाईक म्हणतात, तुमच्या मूर्ती आणि मेणबत्त्या म्हणजेच देखावा.

इ.स. ७८७ च्या निकेया परिषदेने सांगितलं आहे की प्रतिमेला दिलेला मान, ती ज्याची आहे त्याला पोचतो. त्यांच्याशी वाद घालू नका. नाताळात त्यांच्या उपासनेला जा, मराठी गीतं मनापासून म्हणा. साधेपणाचाही गर्व होऊ शकतो आणि थाटातही नम्रता असू शकते, हे दोन्ही घरांनी एकमेकांकडून शिकण्यासारखं आहे.

समोरच्याची भक्ती खरी की खोटी, कसं ओळखायचं?

ओळखू नये. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी उपास करत होता, दशांश देत होता, आणि त्याने देवाचे आभारही मानले. त्याचं बिघडलं ते मंदिरात मागे उभं राहून प्रार्थना करणाऱ्या जकातदाराकडे बोट दाखवल्यावर. आज आपल्यातले काही जण फेस्ताला न जाता घरी बसतात आणि मनात म्हणतात, 'देवा, मी या मिरवणाऱ्यांसारखा नाही याबद्दल तुझे आभार.' ही त्याच परूश्याची प्रार्थना आहे, फक्त साध्या कपड्यांतली.

मी हिंदू आहे. म्हापशाला मिलाग्र सायबिणीला दरवर्षी तेल वाहते. ख्रिस्ती लोकांना ते खोटं वाटतं का?

मला अजिबात वाटत नाही. ईस्टरनंतर पंधरवड्याने येणाऱ्या सोमवारी म्हापशाच्या चर्चमध्ये फेस्त असतं, आणि शिरगावच्या लईराईची ही बहीण या श्रद्धेने कितीतरी हिंदू बायका तेल घेऊन येतात. आमच्या शिकवणीत मिलाग्र सायबीण म्हणजे मरिया, येशूची आई, लईराईची बहीण ही तुमच्या घरची श्रद्धा. दोन्ही एक आहेत असं भासवायची गरज नाही, आणि तुम्हाला रांगेतून बाजूला करायचीही नाही.

एवढंच लक्षात ठेवा: मिस्सा चालू असेल तर ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जाऊ नका. तो बाप्तिस्मा घेतलेल्या, तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी असतो. त्या वेळी बाकावर शांत बसून तुमच्या मनातलं सायबिणीला सांगा. तेल वाहायला दिवसभर वेळ असतो. दुपारी गर्दी कमी असते आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर तेव्हाच आणावीत.